यवन, मिलिंद आणि आपण

ग्रीकांचा इतिहास आपल्या विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तो अलेक्झांडर आणि पोरस यांच्या लढाईत. पोरसाचे बाणेदार उत्तर पाठ केले जाते, परीक्षेत त्याला गुण मिळतात आणि ग्रीक संपतात. पुढे पदवीच्या वर्गात ते पुन्हा येतात. सॉक्रेटिसाचा विषाचा पेला, प्लेटोचे आदर्श राज्य, ॲरिस्टॉटलचे राज्यशास्त्र आणि 'अथेन्स हे लोकशाहीचे माहेरघर' हे वाक्य. यातले काहीही खोटे नाही. पण या सगळ्यातून एक समज पक्का होतो की ग्रीक हा कुणा दूरच्या गोऱ्या लोकांचा विषय आहे, आणि फार तर इंग्रजी शिकलेल्या उच्चवर्णीय पंडितांचा. कऱ्हाड-सांगलीकडच्या एखाद्या वस्तीतून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पुस्तक उघडणाऱ्या मुलामुलीचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो ओढूनताणून जोडलेला नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत एखादा तरी मिलिंद असतो. हे नाव ग्रीक आहे. ज्या राजाला पाली ग्रंथांनी 'मिलिंद' म्हटले, त्याच्या नाण्यांवर ग्रीक लिपीत 'मिनँडर' असे नाव आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नाशिक या आपल्या पट्ट्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक जगाच्या खुणा दगडात आणि धातूत शिल्लक आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वर्णव्यवस्था ही निसर्गनियम आहे की माणसाने केलेली सोय, या आपल्या जिवाभावाच्या वादात ग्रीकांची साक्ष खुद्द बुद्धाने काढलेली आहे. म्हणून हा विषय आपला आहे.

फुल्यांनी होमर कोठे ठेवला?

जोतीराव फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले कटगुण. त्यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना तो अर्पण केला आहे, हे आपण जाणतो. पण त्या ग्रंथाच्या इंग्रजी प्रस्तावनेच्या माथ्यावर जोतीरावांनी एक वचन घातले आहे, आणि ते होमर या ग्रीक महाकवीचे आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. आशय असा की, माणूस गुलाम होतो त्या दिवशी त्याच्यातले अर्धे माणूसपण हिरावले जाते.

हे वचन 'ओडिसी' या महाकाव्यातले. ते उच्चारणारा युमेयस हा डुकरे राखणारा गुलाम आहे. जन्माने तो राजपुत्र, पण लहानपणी पळवून विकला गेलेला. मात्र मूळ प्रसंगात तो तक्रार करतो आहे ती इतर गुलामांविरुद्ध. धनी दूर गेला की हे लोक कामात कुचराई करतात, धन्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याकडेही कुणी बघत नाही, असे त्याचे म्हणणे. म्हणजे बोलणारा गुलाम असला तरी नजर धन्याची आहे. जोतीरावांनी ते वचन उचलले आणि त्याचे तोंड फिरवले. गुलाम कामचुकार आहे ही तक्रार राहिली बाजूला. ज्या व्यवस्थेने त्याचे अर्धे सत्त्व खाल्ले तिच्यावर ते आरोपपत्र झाले. शूद्रातिशूद्र अडाणी का, त्यांच्यात उत्साह का नाही, असे विचारणाऱ्यांना जोतीराव उलट विचारतात की हे सत्त्व खाल्ले कुणी? एका शूद्र विचारवंताने ग्रीक महाकवीला आपल्या साक्षीदारांच्या रांगेत उभे केले ते असे. प्राचीन ग्रंथ कसा वाचावा याचा हा वस्तुपाठ आहे. आदराने डोके टेकवायचे नाही, रागाने फेकून द्यायचे नाही. आपला प्रश्न घेऊन त्याला सामोरे जायचे.

लोकशाही कुणाची?

याच दृष्टीने ग्रीक समाजाकडे पाहू. प्राचीन ग्रीस हे एक राज्य नव्हते. समुद्रकाठच्या शेकडो लहानमोठ्या नगरराज्यांचा तो समूह होता. त्यांतल्या अथेन्सने इ. स. पूर्व सहाव्या आणि पाचव्या शतकांत जे प्रयोग केले ते आजही विचार करण्याजोगे आहेत. इ. स. पू. ५९४ च्या सुमारास सोलोनने कर्जापोटी माणसाला गुलाम करण्याची प्रथा बंद केली. कर्ज देताना ऋणकोचे शरीर तारण घ्यायचे नाही, असा कायदा झाला आणि परदेशी विकल्या गेलेल्या काही अथेन्सवासीयांना परत आणले गेले. वेठबिगारी आणि सावकारी पिढ्यान्‌पिढ्या भोगलेल्या समाजाला या कायद्याचे मोल वेगळे सांगायला नको.

इ. स. पू. ५०८ च्या सुमारास क्लाइस्थेनिसने आणखी मूलगामी पाऊल उचलले. रक्तसंबंधावर उभ्या असलेल्या चार जुन्या जमातींचे राजकीय महत्त्व त्याने मोडले आणि दहा नव्या जमाती बनवल्या. प्रत्येकीत समुद्रकाठचा, आतल्या मुलखाचा आणि शहराकडचा असा एकेक भाग घातला. माणूस कोणत्या कुळाचा यापेक्षा तो कोणत्या गावाच्या यादीत नोंदला आहे, यावर त्याचे नागरिकत्व ठरू लागले. पाचशे सभासदांचे मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडले जाई. आडनाव ऐकून जात हुंगणाऱ्या आपल्या समाजाने या प्रयोगाचा जरूर अभ्यास करावा. रक्ताचे गट कायद्याने फोडता येतात आणि त्यांच्या जागी नवे नागरी गट उभे करता येतात, हे अडीच हजार वर्षांपूर्वी एका लहानशा नगराने दाखवून दिले.

पण या लोकशाहीच्या सभेत कोण बसत होते? फक्त नागरिक असलेले प्रौढ पुरुष. स्त्रियांना मत नव्हते. बाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना मत नव्हते. राज्यशास्त्राचा जनक म्हणवला जाणारा ॲरिस्टॉटल स्वतः अथेन्सचा नागरिक नव्हता. इ. स. पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसच्या पुढाकाराने आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, असा कायदा झाला. कुळाची भिंत पाडणाऱ्या नगराने अशी दुसरी भिंत बांधली. आणि या सगळ्यांच्या खाली गुलाम होते. घरात, शेतात, कारखान्यात आणि लॉरियमच्या चांदीच्या खाणीत. ज्या चांदीतून अथेन्सचे आरमार उभे राहिले ती चांदी अंधाऱ्या बोगद्यांतून गुलामांनी खणून काढली होती.

इंग्रजीतल्या 'स्कूल' या शब्दाचे मूळ ग्रीक 'स्खोले' या शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ आहे फुरसत. ज्याला फुरसत आहे त्याने शिकावे. मग फुरसत कुणाला? ज्याचे काम दुसरा कुणी करतो त्याला. हे गणित आपल्याला नवे नाही. एकाने वेद घोकायचे आणि दुसऱ्याने त्याची गुरे, शेते आणि घाण सांभाळायची, ही आपल्याकडची त्याच गणिताची आवृत्ती. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 'कमवा आणि शिका' या तिच्या मार्गाने नेमके हे गणित मोडले. ज्याला फुरसत नाही, ज्याचे हात मातीत आहेत, तोही शिकेल आणि ते हात न लपवता शिकेल. अथेन्सच्या तत्त्ववेत्त्यांना ही गोष्ट सुचली नव्हती.

ॲरिस्टॉटल आणि त्याचे विरोधक

ॲरिस्टॉटलने गुलामगिरीचे तत्त्वज्ञान लिहिले. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात. गुलाम म्हणजे जिवंत हत्यार. त्याने दुसऱ्याच्या बुद्धीने चालावे यातच त्याचे हित, असा त्याचा सिद्धान्त. 'स्वभाव' आणि 'गुणकर्म' यांच्या आधाराने शूद्राचे दास्य सांगणाऱ्या आपल्याकडच्या मांडणीशी हे किती जुळते! माणसाला आधी दाबून ठेवायचे आणि मग दबलेपणा हाच त्याचा स्वभाव आहे असे सांगायचे, ही युक्ती दोन्हीकडे सारखी आहे.

परंतु त्याच ग्रीसमध्ये त्याचे विरोधकही होते, आणि खुद्द ॲरिस्टॉटललाच त्यांची नोंद घ्यावी लागली. गुलामगिरी निसर्गात नाही, ती केवळ कायद्याने आणि बळजबरीने आली आहे, म्हणून ती अन्याय्य आहे, असे म्हणणारे लोक आहेत, असे तो लिहितो. देवाने सर्वांना मुक्त सोडले आणि निसर्गाने कुणालाही गुलाम केलेले नाही, अशा आशयाचे मत अल्किदामास या वक्त्याच्या नावावर आहे. अँटिफोन या विचारवंताने तर साधा, शरीराचा पुरावा दिला. ग्रीक असो की परका, श्वास सगळे नाकातोंडानेच घेतात, जेवतात सगळे हातानेच. मग निसर्गतः भेद कोठे आहे?

आता हाच युक्तिवाद आपल्या मातीत ऐका.

बुद्धाने दिलेला दाखला

मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात श्रावस्तीचा एक विद्वान ब्राह्मण तरुण बुद्धाशी वाद घालायला येतो. ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण, ते ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मले, असा त्याचा पक्ष. बुद्ध त्याला विचारतात की ब्राह्मणांच्या स्त्रियांना ऋतू येतो, त्या गरोदर होतात, बाळंत होतात, मुलांना पाजतात हे सगळ्यांना दिसते आहे ना? मग मुखातून जन्मल्याची गोष्ट कशाच्या आधारावर? आणि यानंतर लगेच बुद्ध ग्रीकांचा दाखला देतात. योन आणि कंबोज या सीमेपलीकडच्या देशांत दोनच वर्ण आहेत, आर्य आणि दास, म्हणजे धनी आणि गुलाम. आणि तेथे आर्याचा दास होतो, दासाचा आर्य होतो, हे तू ऐकले आहेस का? अस्सलायनाला होय म्हणावे लागते.

'योन' म्हणजे ग्रीक. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनिया या प्रांतावरून इराणी लोक सर्वच ग्रीकांना 'यौन' म्हणत. त्यावरून पालीत 'योन' आणि संस्कृतात 'यवन' आले. हा शब्द मुसलमानांसाठी वापरण्याची रीत फार नंतरची.

बुद्धाच्या दाखल्याचे मर्म नीट समजून घेतले पाहिजे. ग्रीक समाज समतेचा आहे असे ते म्हणत नाहीत. तेथे धनी आणि गुलाम आहेत, हे ते स्पष्ट सांगतात. त्यांचा मुद्दा असा की चार वर्ण हा जगाचा नियम असता तर तो सगळ्या जगात दिसला असता. जो नियम सरहद्दीपलीकडे लागू नाही तो सृष्टीचा नियम नव्हे, ती एका समाजाने केलेली रचना आहे. आणि माणसाने केलेली रचना माणसाला मोडता येते. अशोकाच्या तेराव्या शिलालेखातही याला दुजोरा मिळतो. योनांचा प्रदेश सोडला तर ब्राह्मण आणि श्रमण नाहीत असा देश नाही, असे तेथे म्हटले आहे.

दासाचा आर्य होतो, याला ग्रीक इतिहासात पुरावा आहे. अथेन्सचा पासियोन हा एका पेढीवरचा गुलाम होता. तो मुक्त झाला, त्याच पेढीचा मालक झाला आणि पुढे त्याला अथेन्सचे नागरिकत्व मिळाले. त्याचा गुलाम फॉर्मियोन हाही मुक्त झाला, त्याने पासियोनच्या विधवेशी लग्न केले आणि तोही नागरिक झाला. आर्याचा दास होतो, यालाही पुरावा आहे. इ. स. पू. ४१३ मध्ये सिसिलीच्या स्वारीत अथेन्सचा धुव्वा उडाला, हजारो सैनिक सिराक्यूजच्या दगडखाणींत कोंडले गेले आणि कित्येक गुलाम म्हणून विकले गेले.

पण ग्रीसमध्येही एक जागा अशी होती जिथे दास्य जवळजवळ जातीसारखे जन्माला चिकटलेले होते. स्पार्टाचे हेलोट हे जिंकलेल्या मुलखातले शेतकरी. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी स्पार्टनांची शेते कसायची. स्पार्टाचे अधिकारी दरवर्षी हेलोटांविरुद्ध रीतसर युद्ध जाहीर करीत, म्हणजे त्यांना मारले तरी पाप लागू नये. त्यांना कमीपणाची खूण म्हणून कातड्याची टोपी घालावी लागे, असेही एका प्राचीन लेखकाने लिहिले आहे. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू ही खूण ज्यांच्या पूर्वजांनी बाळगली त्यांना या टोपीचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. तरीही इ. स. पू. ३७० ते ३६९ मध्ये थीब्जच्या एपॅमिनॉन्डसने स्पार्टाचा पराभव केल्यावर मेसेनियातले हेलोट मुक्त झाले. त्यांनी स्वतःचे नगर वसवले आणि ते नागरिक म्हणून जगले. शतकांचे दास्य एका राजकीय धक्क्याने तुटले. तेथे दास्याला सत्ता होती, शस्त्र होते. पण विटाळ नव्हता. ग्रीकांचा गुलाम धन्याचे अन्न शिजवी, त्याची मुले सांभाळी. आपल्याकडचे दास्य मुक्तीच्या कागदाने सुटत नाही, याचे कारण विटाळात आहे.

आपल्या डोंगरांतले यवन

अशोकाने इ. स. पू. तिसऱ्या शतकात पाच ग्रीक राजांची नावे आपल्या लेखात कोरली. कंदाहारला १९५८ साली त्याचा ग्रीक आणि ॲरमाइक अशा दोन भाषांतला लेख सापडला. त्यात धम्म या शब्दासाठी ग्रीक 'युसेबिया' हा शब्द योजला आहे. सिंहली परंपरेतील महावंस सांगतो की तिसऱ्या संगीतीनंतर धम्मप्रसारासाठी जे भिक्खू पाठवले गेले, त्यांत अपरान्तात, म्हणजे कोकणपट्टीत, आलेला थेर होता योन धम्मरक्खित. म्हणजे त्या परंपरेप्रमाणे कोकणच्या किनाऱ्यावर धम्म घेऊन आलेला माणूस ग्रीक होता. महारट्ठात पाठवला गेला तो महाधम्मरक्खित.

पुढे लेण्यांच्या भिंतीच बोलू लागतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब वेगवेगळ्या लोकांच्या दानातून उभे राहिले. त्यांत धेनुकाकट या गावच्या अनेक यवनांची नावे आहेत. सिहधय, म्हणजे सिंहध्वज. यसवधन, म्हणजे यशोवर्धन. धेनुकाकट नेमके कोठे होते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जुन्नरला तीन यवनांची दाने आहेत. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने संघासाठी भोजनमंडप दिला, चंदाने दर्शनी भाग करून दिला. नाशिकचे सतरावे लेणे दात्तामित्री येथून आलेल्या योनक इंद्राग्निदत्ताने कोरवून घेतले. त्याच्या बापाचे नाव धम्मदेव, मुलाचे धम्मरक्खित.

हे यवन रक्ताने शुद्ध ग्रीक होते की ग्रीक राज्यांतून आलेले, ग्रीक वळणाचे पश्चिमेकडचे परके लोक होते, यावर वाद होऊ शकतो. त्यांची बहुतेक नावे प्राकृत आहेत. पण आपल्या दृष्टीने प्रश्न रक्ताचा नाहीच. त्यांनी नावे बदलली, धम्म स्वीकारला, तरी 'यवन' ही ओळख लपवली नाही. आणि संघाने ती पुसायला लावली नाही. कार्ल्याच्या त्याच चैत्यात दर्शनी भागाचे काम करणाऱ्या सामी या सुताराचे नाव आहे, सिंहदत्त या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे आहे. परदेशी, कारागीर आणि व्यापारी एकाच छताखाली, एकाच लिपीत, एकाच आकाराच्या अक्षरांत कोरले गेले. ग्रामदेवतेच्या जत्रेत कुणी कोठे उभे राहायचे हे ज्या समाजात जातीवरून ठरत आले, त्या समाजाने ही अक्षरे पुन्हा पुन्हा वाचावीत.

हे केवळ पुणे-नाशिकचे नाही. कऱ्हाडचे जुने नाव करहाकट किंवा करहाकड. मध्य भारतातल्या भारहूतच्या स्तूपाला करहाकट नगराने दान दिल्याचा लेख आहे. कोकणातल्या कुडे येथील लेण्यांत करहाकडच्या महिक या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान नोंदले आहे. कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात, जखिणवाडीच्या अंगाला, साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. कार्ल्यासारखा शिल्पाचा थाट तेथे नाही. साध्या खोल्या, दगडी ओटे, पाण्याची टाकी. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे हे गाव घाटमाथा आणि कोकणची बंदरे यांच्यामधल्या वाटेवर होते. सांगलीला लागून असलेल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात पोसायडन या ग्रीक सागरदेवाची काशाची छोटी मूर्ती सापडली. समुद्रापासून घाट चढून पंचगंगेच्या काठी आलेला हा देव त्या व्यापाराचा मुका साक्षीदार आहे. इ. स. च्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तकात पैठण, तेर आणि कल्याण यांची नावे येतात.

शिडीवरची जागा

आता दुसरी बाजू. यवनांना फक्त बौद्धांनीच जवळ केले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. विदिशेजवळ हेलियोडोरस या ग्रीक वकिलाने वासुदेवाच्या भक्तीने गरुडस्तंभ उभारला, तो इ. स. पू. दुसऱ्या शतकात. ब्राह्मणी परंपरेनेही यवनाला जागा दिली. प्रश्न असा आहे की कोणती जागा?

पतंजलीने महाभाष्यात शूद्रांचे दोन प्रकार चर्चिले आहेत. ज्याने जेवलेले भांडे घासूनपुसून शुद्ध होते तो एक. आणि ज्याने जेवलेले भांडे कशानेच शुद्ध होत नाही तो दुसरा. शक आणि यवन पहिल्या प्रकारात. चांडाळ आणि मृतप दुसऱ्या प्रकारात. या व्याकरणाच्या उदाहरणात आपला सगळा इतिहास आहे. ज्या यवनांनी साकेताला वेढा घातला अशी नोंद स्वतः पतंजली करतो, त्या सशस्त्र परक्याचे भांडे शुद्ध होऊ शकते. पण ज्याने कधी वेढा घातला नाही, जो याच गावात राबला, त्याचे भांडे मात्र शुद्ध होत नाही!

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात हीच रीत पक्की केली आहे. यवन, शक, कंबोज हे मूळचे क्षत्रिय. संस्कार सुटल्याने आणि ब्राह्मणांचा संपर्क तुटल्याने ते शूद्रत्वाला पोचले, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे जिंकून आलेल्या परक्यासाठी एक खोटी वंशावळ तयार करायची आणि त्याला शिडीच्या एका पायरीवर बसवायचे. त्याच अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत, असे नियम आहेत. यावरून एक निष्कर्ष अटळ आहे. अस्पृश्यता परकेपणातून आलेली नाही. परकेपणा हे कारण असते तर पहिला अस्पृश्य यवन ठरला असता. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यांचा वंश वेगळा असल्याची उपपत्ती नाकारली होती. पतंजलीचे हे भांडे त्याच दिशेने बोट दाखवते.

नाशिकला या दोन वृत्ती एकाच डोंगरात समोरासमोर आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. आपल्या मुलाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, शक, यवन आणि पह्लव यांचा नाश केला, तो अद्वितीय ब्राह्मण होता आणि त्याने चार वर्णांचा संकर थांबवला, असे तेथे अभिमानाने कोरले आहे. त्याच डोंगरात सतराव्या लेण्यात योनक इंद्राग्निदत्त आपल्या आईबापांच्या पुण्यासाठी लेणे देतो आहे. गंमत अशी की बलश्रीनेही ते लेणे दिले भिक्खूंनाच. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो, आणि ही गुंतागुंत आपण झाकू नये. पण वर्णसंकर थांबवण्याचा अभिमान आणि वर्णाबाहेरच्या माणसाचे दान, या दोहोंत आपला वारसा कोणता, हे निवडण्याचा अधिकार आपला आहे.

मिलिंद हे नाव

ही निवड बाबासाहेबांनी केली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) जे महाविद्यालय सुरू केले त्याला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि त्याचा परिसर 'नागसेनवन' झाला. राजाचे नाव कॉलेजला आणि भिक्खूचे नाव सगळ्या भूमीला! यात योगायोग नाही.

मिनँडर हा इ. स. पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील सियालकोट, असे मानले जाते. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत भाषा आहे. बऱ्याच नाण्यांवर अथीना देवी आहे, काहींवर चक्र आहे. तो मेल्यावर त्याच्या अस्थींसाठी नगरांत स्पर्धा लागली आणि त्या वाटून घेऊन त्यांच्यावर स्मारके उभारली गेली, असे ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो. बुद्धाच्या अस्थिविभाजनाची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात हा राजा भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारतो. आत्मा, पुनर्जन्म, कर्म, निर्वाण यांविषयीच्या त्या चर्चेतला रथाचा दृष्टान्त सर्वांना माहीत आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. तसा माणसात सुटा काढून दाखवता येईल असा आत्मा नाही. पण मला त्याहून मोलाची वाटते ती चर्चेपूर्वीची अट. नागसेन म्हणतो की पंडितांसारखा वाद घालणार असशील तर बोलू, राजासारखा घालणार असशील तर नाही. पंडितांच्या वादात मत खोडले जाते, चूक मान्य केली जाते, कुणी रागावत नाही. राजांच्या वादात जो विरोध करतो त्याला शिक्षा होते. राजा अट मान्य करतो. सत्ताधाऱ्याने सत्ता बाजूला ठेवून निःशस्त्र माणसाशी बरोबरीने बोलायचे, हरलो तर हार मानायची. शूद्राने वेद ऐकला तर कानात शिसे ओतण्याची भाषा करणाऱ्या परंपरेशेजारी हे ठेवून पाहा. महाविद्यालयाला हेच नाव का, याचे उत्तर मिळते.

प्लेटोचा वर्ग आणि माणूस

ग्रीकांपुढेही बाबासाहेबांनी डोके टेकवले नाही, हे शेवटी सांगितले पाहिजे. सातारच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले, त्याने १९३६ साली 'जातिभेदाचे निर्मूलन' या न झालेल्या भाषणात थेट प्लेटोला हात घातला. प्लेटोच्या आदर्श राज्यात माणसांचे तीन वर्ग आहेत. वासना प्रबळ ते श्रम आणि व्यापार करणारे, धैर्य प्रबळ ते रक्षक, बुद्धी प्रबळ ते राज्यकर्ते. चातुर्वर्ण्याचे समर्थक प्लेटोचा आधार घेतात, पण दोघांचाही दोष एकच आहे, असे बाबासाहेब दाखवतात. प्रत्येक माणूस हा त्याच्यासारखा एकटाच असतो, त्याच्यात अनेक शक्ती असतात. त्याला कायमच्या दोन-चार खणांत कोंबता येत नाही. गुणांवरून वर्ग पाडतो असे म्हणणारा प्लेटोही माणसाच्या असंख्य गुणांचा हिशेब देऊ शकत नाही. मग जन्मावरून वर्ग पाडणाऱ्यांचे काय?

म्हणून ग्रीकांकडे जाताना आपण भक्त होऊन जायचे नाही. त्यांच्या लोकशाहीखालचा गुलाम पाहायचा, त्यांच्या तत्त्वज्ञानातली शिडी पाहायची. आणि तरीही क्लाइस्थेनिसने कुळे कशी मोडली, अँटिफोनने समतेचा पुरावा श्वासात कसा शोधला, हेही शिकायचे. शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते की सहल कार्ल्याला, जुन्नरला, नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर न्यावी. ते जमले नाही तर कऱ्हाडच्या आगाशिवावर आणि कोल्हापूरच्या संग्रहालयात न्यावी. लेण्यांना पांडवांची नावे का पडली, हे मुलांना विचारू द्यावे. ब्राह्मी लिपी शिकायला फार दिवस लागत नाहीत. खांबावरचे 'यवनस' हे चार अक्षरी नाव ज्या दिवशी आपली मुलगी स्वतः वाचेल, त्या दिवशी चातुर्वर्ण्य सनातन आहे असे तिला कुणी सांगू शकणार नाही. कारण त्या खांबासाठी दान देणारा चारही वर्णांच्या बाहेरचा होता, आणि त्याचे दान स्वीकारताना संघाने त्याचा वर्ण विचारला नव्हता.